फटफटी आणि गाळलेली ओळ

मी चाळीस वर्षं प्रूफं तपासली. गिरगावातल्या एका छापखान्यात बसून हस्तलिखितात जे आहे तेच छापलंय की नाही, एवढं पाहायचं. या कामाची माणसाला सवय लागते. जे कागदावर नाही, ते नाहीच असं वाटायला लागतं. भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मला कीव यायची. या सदरातले अनुभवही मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर त्यातल्या विसंगती शोधायला. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना ओशाळल्यासारखं होतंय...

तरी लिहितोय, कारण माझ्या वैनी जाऊन सव्वा महिना झाला. हे घडलं तेव्हा खोलीत आम्ही तिघं होतो – आई, वैनी आणि मी. आई केव्हाच गेली. आता वैनीही गेल्या. माझ्यामागे हे कुणालाच ठाऊक राहणार नाही.

जागा नीट सांगतो, कारण पुढे तिचा संबंध आहे. परळमध्ये, भोईवाड्याच्या अंगाला आमची तीन मजली चाळ. आमची खोली तळमजल्यावर, नंबर सात, दहा बाय बारा. पुढे सामाईक व्हरांडा. मागच्या भिंतीला खिडकी नाही, कारण तिला लागून गोदामाची भिंत. उजव्या हाताला जिना. डाव्या हाताची खोली सावंतांची, पण ते लोक महिनाभर गावी गेलेले आणि दाराला कुलूप. म्हणजे आमच्या खोलीला दार एकच, आणि दाराशेजारी एक खिडकी.

माझा मोठा भाऊ भाई गिरणीत साचेवाला होता, मागावर काम करायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चौथीत त्याची शाळा सुटली ती मी शिकावं म्हणून. हे त्याने मला कधी ऐकवलं नाही, आईने मात्र बऱ्याचदा ऐकवलं. त्याला एकच वेड होतं – फटफटी. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांपैकी एक त्याने कुठून तरी मिळवली होती. मूळचा हिरवट रंग उडालेला, सीट फाटलेली. दोन दिवस चालायची आणि चार दिवस आमच्या व्हरांड्यासमोर उघडी पडलेली असायची. समोरच्या खोलीतले नाना परब, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर म्हणजे मुकादम, बिडी ओढत बघत बसायचे. "ती तुका व्हरता, काय तू तिका व्हरतस?" ती तुला नेते की तू तिला, असं त्यांनी दर रविवारी विचारायचं आणि भाईने दर रविवारी हसायचं, हे ठरलेलं.

भाईला इंजिनाचं शिक्षण नव्हतं. फूटपाथवर त्याला त्या गाडीचं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, कव्हर नसलेलं, तेलाने पारदर्शक झालेल्या पानांचं. ते वाचायला मी. मग आमची एक पद्धत पडून गेली. मी पायरीवर बसून एकेक वाक्य मराठीत सांगायचो आणि भाई तेवढंच करायचा. सुटलेला बारीकसारीक भाग तो माझ्या हातात द्यायचा आणि मी तो सांभाळायचो. मी भरभर वाचलं किंवा त्याला नीट कळलं नाही, तर तो तोंडाने काही न बोलता पाना गाडीच्या नळीवर दोनदा ठोकायचा. म्हणजे पुन्हा वाच. ही खूण त्याने माझ्याकडूनच घेतली होती. छापखान्यात आमचे वयस्क प्रूफरीडर मी मजकूर वाचत असताना टेबलावर पेन्सिल अशीच दोनदा आपटायचे, ते मी घरी कधीतरी सांगितलं होतं.

"मास्तरा, फटफटी दुरुस्त करतास काय सत्यनारायण घातलास?" नाना विचारायचे. चाळीत मला सगळे मास्तरच म्हणायचे. मी कुणाला शिकवलं नाही, पण हातात पुस्तक असायचं.

आता तो रविवार.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावरून वातावरण तापलेलं. गल्लीगल्लीतून मोर्चे निघत होते. त्या सकाळी भाईने मागचं चाक काढून ब्रेक साफ केला होता आणि आम्ही परत जुळवत होतो. त्या गाडीला मागचा ब्रेक पायाने लागायचा. पेडलपासून चाकापर्यंत लांब लोखंडी रॉड. पेडलच्या टोकाला तो रॉड एका खिळ्याने अडकवलेला, आणि खिळा सरकून बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या टोकाच्या छिद्रात एक स्प्लिट पिन. बायका केसांत घालतात त्या आकड्यासारखी, दोन पायांची. ती छिद्रात घालायची आणि पलीकडून पाय फाकवायचे.

ती पिन माझ्या हातात होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोर्चा आला. घोषणा ऐकू आल्या तसा मी उठलो. पिन हरवू नये आणि पानही सापडावं म्हणून मी ती पुस्तकात खुणेसारखी घातली, पुस्तक मिटलं आणि बघायला गेलो. पाच-सात मिनिटं असेन. भाईने हाक मारली म्हणून परत आलो. मनात अजून बाहेरचंच चाललेलं. पुस्तक उघडलं, पान समोर आलं, आणि मी त्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

आधीच्या पानाची शेवटची ओळ वाचायची राहिली होती.

भाईने सगळं केलं, हात पुसले, आणि काही राहिलं नाही ना, असं नेहमीसारखं विचारलं, "झाला? काय रवला नाय मा?"

"झाला," मी म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी भाई वैनींच्या माहेरी शिवडीला गेला होता. तिथून कॉटन ग्रीनकडे येताना गोदामांच्या रस्त्यावर गाडी घसरली आणि तो भिंतीवर आदळला. एका हातगाडीवाल्याने पाहिलं. मागचं चाक एकदम धरलं, फिरायचं थांबलं, असं तो म्हणाला. पोलीस म्हणाले, वेग जास्त असेल. भाई हॉस्पिटलमध्ये पोचलाच नाही.

तो का गेला होता, हेही सांगायला हवं. वैनींचे वडील आजारी होते. त्या दिवशी सकाळी वैनी चिडून त्याला म्हणाल्या होत्या की तुम्हाला त्या लोखंडाकडे बघायला वेळ आहे, माझ्या बापाकडे बघायला नाही. तो तसाच कामावर गेला, आणि पाळी संपल्यावर परस्पर शिवडीला. वैनी तेव्हा चोवीस वर्षांच्या, माझ्याच वयाच्या. मूलबाळ नव्हतं. आल्यागेल्या प्रत्येकाला त्या तेच एक वाक्य सांगायच्या – मी बोलले नसते तर ते गेले नसते. बायका त्यांना नाही नाही म्हणायच्या आणि व्हरांड्यात गेल्यावर आपसांत होय म्हणायच्या.

मला तोवर पिनेची आठवण झाली नव्हती. हे वाचणाऱ्याला पटणार नाही, पण खरं आहे.

गाडी चौघांनी उचलून आणली, कारण मागचं चाक फिरतच नव्हतं. ती व्हरांड्यासमोर ठेवली होती. मग दंगल पेटली, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. रस्त्यावर दिसेल ती गाडी जाळायला लागले. पेट्रोल भरलेली फटफटी चाळीसमोर नको म्हणून नाना आणि दोघातिघांनी ती आमच्या खोलीत आणून ठेवली. टाकीतलं पेट्रोल कर्फ्यूतल्या सवलतीच्या दोन तासांत काढून गटारात ओतलं. तरी वास खोलीतून गेला नाही, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात भाईच्या नावाचा दिवा दहा दिवस विझू न देता ठेवायचा होता. आई एका हाताने दिव्यात तेल घालायची आणि दुसऱ्या हाताने पदर नाकाला लावायची.

कर्फ्यूचे ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना कसे सांगू... दार बंद, खिडकी बंद. फटीतूनही बघू नका, असं नाना दाराशी येऊन बजावून गेले होते, कारण गॅलरीत उभ्या असलेल्या माणसांना गोळ्या लागल्याचं कानावर येत होतं. दहा बाय बाराच्या खोलीत मधोमध ती गाडी. मोरीकडे जायचं तर हँडलखालून वाकून जावं लागायचं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वैनी, दाराशी मी. पाय पसरायला जागा नाही, रडायला आडोसा नाही. दहाव्यासाठी बाहेर पडता येईल की नाही तेही कळत नव्हतं.

आईला एक बरं होतं. सव्वीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढल्यावर तिचे कान पार गेले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय तिला काही ऐकू जायचं नाही. नाक्यावर गोळीबार झाला, खिडकीची काच थरथरली, आणि ती वाती वळत होती ती वळतच राहिली.

आठव्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, वैनी मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी बघा."

मला वाटलं, जागा मोकळी करायला सांगताहेत. चाक सुटलं असतं तर गाडी ढकलून बाहेर तरी काढता आली असती. मी होय म्हटलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तिच्यात काही बिघाड होता का, ते मला कळू दे. नसेल तर नसेल. मग माझ्यामुळेच झालं, असं मी धरून चालेन. पण एकदा बघा."

त्यांनी स्वतः उठून फळीवरून ते पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "त्यांना वाचून दाखवायचात तसं वाचा. मी ऐकते."

मी गाडीजवळ जमिनीवर बसलो, पुस्तक मांडीवर घेतलं आणि ब्रेकचं प्रकरण काढायला पानं चाळली. पिन दोन पानांच्या बेचक्यात, शिवणीला लागून रुतली होती. कागदावर तिचा गंजाचा ठसा उठला होता.

मी पुस्तक अर्धवट मिटलं. वैनी दिव्याच्या बाजूला भिंतीला टेकून होत्या. त्यांना दिसलं नव्हतं.

त्या क्षणापासून पुढचा अर्धापाऊण तास मी कसा काढला, ते मला नीट सांगता येणार नाही. हात काम करत होते. चाकात बघितलं. ब्रेकचा रॉड पुढच्या टोकाला सुटून खाली पडला होता, वाकला होता आणि स्पोकमध्ये शिरला होता. चाक धरलं ते त्यामुळेच. पेडलपाशी खिळा नव्हताच. कुठे रस्त्यावर गळून पडला असेल. आपटल्यामुळे रॉड तुटून पडला, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. पण तो तुटला नव्हता. त्याचं तोंड शाबूत होतं. मला सगळं कळलं, अगदी छापल्यासारखं स्वच्छ. आणि ज्यांना ते सांगायला हवं होतं त्या माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या, आणि दार बंद होतं, आणि बाहेर कर्फ्यू होता.

मी वाचू लागलो. मोठ्याने, मराठीत. गाडी स्टँडवर घ्या. रॉडचा मागचा नट सैल करा. वाचायचं आणि करायचं, दोन्ही मीच. वैनी मध्येच विचारायच्या की हे ठीक होतं का, आणि मी म्हणायचो, ठीक होतं. रॉड स्पोकमधून ओढून काढला. वरवंटा घेऊन उंबऱ्यावर ठोकून सरळ केला. मग आवाज होतो म्हणून थांबलो, पोलीस येतील या भीतीने. वरवंटा मोरीपाशी ठेवून दिला. नट फिरवायचे पाने आधीच फडक्यात गुंडाळून पेटीत टाकले होते. मुद्दाम सांगतो – माझ्या हातात पुस्तकाशिवाय काही नव्हतं.

जोडणीचं पान आलं. रॉड पेडलला लावा. खिळा घाला. त्यापुढची ओळ त्या पानाची शेवटची. तिच्यात पिनेचं होतं.

मी ती वाचली नाही. पहिल्या वेळी नकळत गाळली होती, या वेळी जाणूनबुजून. समोरच्या पानावरचं पुढचं वाक्य सुरू केलं.

गाडीच्या नळीवर दोन ठोके पडले.

टक्, टक्. लोखंडावर लोखंड. मोठे नाहीत, नेहमीचेच.

मी थांबलो. बाहेर शिपाई असेल, दांडका कशावर तरी आपटला असेल, असं मनात म्हटलं. आणि तेच वाक्य पुन्हा सुरू केलं.

पुन्हा दोन.

मी डावा हात टाकीवर ठेवला, सबंध पंजा पसरून. का ठेवला माहीत नाही. हलणारं काही थांबवायला माणूस ठेवतो तसा. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि या वेळी ते दोन ठोके मला ऐकूही आले आणि हाताखाली लागलेही. पत्रा दोनदा थरारला. थंड पत्रा. आठ दिवसांत ते इंजिन कुणी चालू केलं नव्हतं.

आईने मान वर केली. वाती वळता वळता तिचे हात थांबले. ती गाडीकडे बघत होती.

"अनंता," ती मला म्हणाली, "कोण ठोकता रे?"

मी बोललो असतो तरी तिला ऐकू गेलं नसतं.

"थांबा," वैनी म्हणाल्या. "मागची ओळ परत वाचा."

मी आधीच्या पानावर आलो. ओळ वाचली. खिळ्याच्या छिद्रात स्प्लिट पिन घाला आणि तिचे पाय फाकवा; याविना गाडी चालवू नये. मग पुस्तकाच्या बेचक्यातून पिन काढली आणि हातावर घेऊन त्यांच्यापुढे धरली. रविवारचं सगळं सांगितलं. मोर्चा, मिटलेलं पुस्तक, भाईने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. सांगताना माझा आवाज चढला नाही की कापला नाही. प्रूफ वाचतो तसं सांगितलं.

वैनींनी पिन घेतली, दिव्याजवळ नेऊन बघितली. बराच वेळ.

"एवढीशी," त्या म्हणाल्या. "मला म्हटलं असतंत, तर केसांतला आकडा काढून दिला असता."

मग त्या रडल्या. आठ दिवसांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. आई हँडलखालून वाकून त्यांच्याकडे गेली. काय झालं, तिला कळलं नव्हतं. मी दाराशीच बसलो होतो. उठून जायला जागा नव्हती. आपण केलेल्या गोष्टीकडे माणूस बघू शकत नाही तेव्हा निदान बाहेर तरी जातो. मला तेवढंही करता येत नव्हतं. अंधार पडेपर्यंत तिघं तसेच बसून होतो.

कंदील लागला तेव्हा त्या बोलल्या. राग नव्हता आवाजात, हेच वाईट होतं.

"चूक कुणाचीही होईल, भाऊजी. त्यांनीही बघायला हवं होतं. पण मी आज मघापासून इथे बसून विचारत होते, हे ठीक होतं का, ते ठीक होतं का... आणि तुम्ही होय म्हणत होतात."

मी पुस्तक फळीवर परत ठेवलं.

रात्री कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सवलतीच्या वेळात मी हरवलेल्या खिळ्याऐवजी तार घालून रॉड अडकवला, चाक फिरलं, आणि नानांनी व मी गाडी ढकलत बाहेर काढली. नानांना मी फक्त ठोक्यांचं सांगितलं, पिनेचं नाही. ते एकदम गंभीर झाले. दहावा अडकला तर माणूसही अडकतो, असं म्हणाले. पुढे सावंत गावाहून आले तेव्हा त्यांच्या खोलीचं कुलूप उघडताना मी मुद्दाम तिथे उभा राहिलो. आत महिन्याची धूळ होती, आणि धुळीत उंदराचीसुद्धा पावलं नव्हती. गोदाम त्या आठवड्यात बंद होतं, हेही मी विचारून घेतलं. गाडी महिन्याभरात भंगारात गेली. ती पुन्हा चालू करून बघायचं कुणी नाव काढलं नाही.

वैनी तेराव्यानंतर माहेरी गेल्या आणि सहा महिन्यांनी आईचं करायला परत आल्या. मग कायमच्या राहिल्या. आई गेल्यावरही. मी लग्न केलं नाही. व्हरांड्यात झोपायचो, जेवायला आत जायचो. त्यांनी मला त्या गोष्टीवरून पुन्हा एक शब्दही ऐकवला नाही. ताटात कमी वाढलं नाही. चाळीत कुणी माझ्याबद्दल वेडंवाकडं बोललं, तर सगळ्यांत आधी त्या उठायच्या.

फक्त एक होतं. माहेरून पत्र आलं, महापालिकेचा कागद आला, औषधाची चिठ्ठी आली, की त्या ती घेऊन समोर नानांच्या सुनेकडे जायच्या. मराठी त्यांना वाचता यायचं, पण बारीक अक्षर आणि इंग्रजी नाही. मी घरात असायचो, चष्मा लावून, पुस्तक घेऊन. त्या माझ्यासमोरून कागद घेऊन जायच्या आणि वाचून घेऊन परत यायच्या. बेचाळीस वर्षं. मी कधी हात पुढे केला नाही, त्यांनी कधी कागद पुढे केला नाही.

दीड महिन्यापूर्वी त्यांचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलमध्ये सही करायचा इंग्रजी फॉर्म दिला, दोन पानी. सोबत नर्स होती, नानांची नात होती. वैनींनी फॉर्म घेतला, थोडा वेळ उलटासुलटा केला, आणि माझ्यापुढे धरला.

"वाचून दाखवा, भाऊजी."

मी वाचलं. हळू वाचलं. भुलीने काय होऊ शकतं, काय झालं तर जबाबदारी कुणाची... ऐकायला बरं नव्हतं, पण सगळं वाचलं. त्यांनी सही केली. नर्स गेल्यावर, का कोण जाणे, मला धीर आला आणि मी विचारलं. त्या दुपारी परत वाचा म्हणालात, ते ठोके ऐकून ना?

"कसले ठोके?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. तीनदा, नळीवर, भाई ठोकायचा तसे.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मला काही ऐकू आलं नव्हतं. खोलीत काही आवाज झाला नाही. आईंनी मान वर केली आणि कोण ठोकतंय म्हणाल्या, तेवढं खरं. ज्या बाईला गोळीबार ऐकू आला नाही तिने असं म्हटलं, म्हणून मी तुमच्याकडे बघितलं. तुमचं लक्ष पुस्तकात नव्हतं. हात टाकीवर होता. मला वाटलं, काहीतरी सुटलंय. म्हणून म्हटलं."

ऑपरेशन नीट झालं होतं. चौथ्या दिवशी हार्ट बंद पडलं.

आता मी हे जुळवून बघतो. ते माझ्या मनातलं होतं असं म्हणावं, तर ते आईला कसं ऐकू गेलं? ते खरंच झालं असं म्हणावं, तर धड कानांच्या वैनींना का नाही? सायकॉलॉजी शिकवणारे एक ओळखीचे प्राध्यापक आहेत, त्यांना मी नावं बदलून विचारलं. अपराधी मनाचे खेळ, असं ते म्हणाले. आईचं सांगितल्यावर वयोमानाने आठवणी सरमिसळ होतात म्हणाले. माझ्या नाही होत. तेवढ्या एका दुपारच्या तरी नाही.

आणि समजा, तो होता. तर तो बायकोला सोडवायला आला होता, की मला पकडायला? बेचाळीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. काही दिवशी एक वाटतं, काही दिवशी दुसरं.

मी अजून त्याच खोलीत राहतो. दुपारी पडतो तेव्हा दार सताड उघडं ठेवतो. येणारेजाणारे डोकावतात, पोरं आतून मांजर पकडून नेतात. शेजारी म्हणतात, आजोबा, दिवस चांगले नाहीत, दार लावत जा. मी हो म्हणतो, आणि लावत नाही.